विहिरीच्या पुढची तीस पावलं

मांडव्याचा धक्का दिसायला लागला तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात तीनशे बारा फोटो जमले होते आणि त्यातला एकही धड नव्हता.

मुंबईहून बोट सुटली तेव्हापासून कुरव (पांढरे-करडे समुद्रपक्षी) मागे लागले होते. लोक हात उंच करून शेव-चिवडा धरत होते आणि पक्षी तो हवेतच उचलत होते. इतके जवळ की त्यांच्या डोळ्यांभोवतीचं तांबडं कडंही दिसावं. मी वरच्या डेकवर कठड्याला टेकून बटण दाबत सुटले. दहा मिनिटांनी स्क्रीन बघितली तर नुसते पांढरे फराटे. आदल्या दिवशी बहिणीकडे तिच्या नातवाचा वाढदिवस होता. खोलीत उजेड कमी म्हणून मी शटर एक साठांशावर आणला होता, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा सेकंदाच्या साठाव्या भागाइतका उघडा. बसलेल्या बाळाला ते चालतं. उडणारा पक्षी तेवढ्यात वीतभर पुढे गेलेला असतो. शटरचा वेग वाढवायला गेले तर चाक भलतंच फिरलं आणि फोटो काळेकुट्ट येऊ लागले. ते निस्तरेपर्यंत बोट धक्क्याला लागली, आणि कुरव मुंबईकडे निघालेल्या बोटीच्या मागे निघून गेले.

मी कोल्हापूरची. तेहतीस वर्षं एका इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. ऑक्टोबरात निवृत्त झाले. पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्या बरण्या धुऊन झाल्या, दुसऱ्या आठवड्यात त्याच पुन्हा धुतल्या. तिसऱ्या आठवड्यात भाच्याने त्याचा जुना कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स आणून दिली. म्हणाला, "मावशी, तू काहीतरी कर, म्हणजे आम्हाला तरी जरा बसू देशील." रंकाळ्यावर दोन महिने बगळे टिपले. बगळा बरा असतो, थांबतो. पण मला बगळ्याचाही कंटाळा आला, आणि जानेवारीत मी एकटीच रायगडच्या किनाऱ्यावर निघाले. अलिबागपासून खाली जमेल तितकं जायचं, एवढंच ठरलं होतं.

अलिबागला उतरले ती खोली एका घराच्या मागच्या अंगणात होती. संध्याकाळी घरमालकांच्या शेतात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, वांगी आणि भांबुर्डीचा पाला (शेताच्या कडेला उगवणारी वासाची वनस्पती) घालून मडकं पालथं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. मला बोलावलं होतं, म्हणून गेले. पण जाळाभोवती सगळे निवांत उकिडवे बसले असताना मी मात्र तीनदा उठले. एकदा पाणी आणायला, एकदा कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावायला, तिसऱ्यांदा कशासाठी ते आता आठवत नाही. मडकं फोडलं तेव्हा वाफेबरोबर असा वास आला की मी पहिल्यांदा जागेवर थांबले. शेंगा सोलून खाताना बोटं भाजत होती आणि तोंड चालूच होतं. घरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही इथे आलात खऱ्या, पण पोचला नाहीत अजून." सगळे हसले. मीही हसले.

सकाळी ओहोटीला आक्षीच्या किनाऱ्यावर गेले. वाळू लांबवर उघडी पडली होती आणि पाण्याच्या कडेला कुरवांचा मोठा थवा वाऱ्याकडे तोंड करून उभा होता. त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर एक गृहस्थ ओल्या वाळूत पोटावर पडून होते. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पुढ्यात माझ्यासारखाच कॅमेरा. मी चालत गेले ते थेट थव्याच्या दिशेने. थवा उठला, पाण्यावर एक वळसा घेऊन फर्लांगभर लांब जाऊन बसला.

गृहस्थ उठून बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं.

"मी अलिबागच्या कोर्टात वकिली करतो," ते म्हणाले. "साडेदहाला हजर राहायचं आहे. म्हणजे माझ्याकडे पाऊण तास आहे. तुम्हाला घाई कसली आहे?"

"घाई नाही," मी म्हटलं.

"मग खाली बसा."

मी वाळूत बसले. त्यांनी माझे फोटो बघायला मागितले. काही फोटोंत पक्षी कोळशासारखे काळे, काहींत पांढऱ्या रंगाचा नुसता डाग, पीस दिसत नाही. त्यांनी विचारलं, "प्रत्येक फोटोला सेटिंग बदलता का?"

"कॅमेरा आपोआप बदलतो. मग मी ते सुधारते."

"तिथेच घोळ आहे. पक्षी आकाशापुढे आला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे. तोच पक्षी खाली गर्द झाडीपुढे आला की वाटतं अंधार आहे. पण पक्ष्यावर पडलेलं ऊन तेच असतं, मागचं बदलतं." त्यांनी माझा कॅमेरा मॅन्युअलवर टाकला, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं. शटर दोन हजारांश, अपर्चर (उजेड आत घेणारं भोक) आठ, आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता) पाचशे. "आता ऊन बदलेपर्यंत याला हात लावायचा नाही. पांढऱ्या पक्ष्याचा पांढरा रंग जास्त उजेडाने जळू द्यायचा नाही, कारण एकदा जळला की तो घरी जाऊन परत आणता येत नाही."

भरती चढायला लागली तसे पक्षी आपणहून आमच्याकडे सरकत आले. मी पोटावर पडून शंभरेक फोटो काढले, आणि त्यातल्या एका कुरवाच्या गळ्याची पिसं मोजता आली असती इतकी स्पष्ट होती. तेवढ्यात ढगाचा पातळ पदर सूर्यावरून गेला, मी आयएसओ वाढवला, ढग गेला, मी कमी करायला विसरले आणि पुढचे साठ फोटो जळाले. वकीलसाहेब पँट झटकत उभे राहिले होते. "तुमचे हात थांबत नाहीत," ते म्हणाले. निरोप घेऊन निघताना त्यांनी एवढंच विचारलं, की घरट्यांचे फोटो काढता का. मी नाही म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

रेवदंड्याचा पूल, काशीदची सुरूची झाडं, मुरूड, असं बसने करत दुपारी आगरदांड्याला पोचले. तिथून खाडीपलीकडे दिघीला गाड्या-माणसं नेणारी बोट लागते. बोटीत शेजारी मासळी विकून परत निघालेली एक बाई रिकामी पाटी घेऊन बसली होती. माझ्या लेन्सकडे बराच वेळ बघत होती.

"पाखरांचं फोटू काढतंस?"

"हो."

"मंग काय करतंस त्यांचं?"

"घरी बघते."

"हितं बघून व्हत न्हाय व्हय?" असं म्हणून ती स्वतःच हसली आणि पाटीखालून काढून मला दोन बोरं दिली.

दिघीवरून पुढे ज्या गावाला गेले त्याचं नाव मी लिहिणार नाही. ओळखीच्यांच्या ओळखीतून तिथल्या एका घरी राहायची सोय झाली होती. समुद्राला लागून वाडी (नारळ-सुपारीची बाग), वाडीच्या रस्त्याकडच्या टोकाला कौलारू घर. घरात दोघंच, दोघंही सत्तरी ओलांडलेली. मी त्यांना काका-काकू म्हणत होते, इथेही तसंच म्हणते. काका गावच्या शाळेत शिक्षक होते. काकूंचा उजवा गुडघा दुखरा, पण वाडीत पडलेली सुपारी त्या रोज स्वतः वेचतात. खळ्यात (सारवलेल्या अंगणात) सुपारी वाळत पडली होती आणि तिच्यावरून चालायचं नाही, हे मला पोचल्या पोचल्या सांगण्यात आलं.

"पक्षी बघायला आलात ना?" काका चहा घेताना म्हणाले. "आमच्याकडे काकण आहे."

काकण म्हणजे समुद्री गरुड. पोट आणि डोकं पांढरंशुभ्र, पंख राखाडी, पसरले तर माणसापेक्षा रुंद. मासे आणि समुद्रसाप धरून खातो. वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला एक जुनं रायवळ आंब्याचं झाड आहे, त्याच्या शेंड्याजवळ बैलगाडीच्या चाकाएवढं काटक्यांचं घरटं होतं. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात वाडीतले अर्धे माड आणि पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या झाल्या, त्यात काकणांचं पूर्वीचं झाडही गेलं. जोडी दिसेनाशी झाली. गेल्या वर्षी ती परत आली, आणि यंदा पहिल्यांदाच पिल्लू झालं होतं.

"एकच आहे," काकू म्हणाल्या. "विहिरीपासून त्याचं डोकं दिसतं."

काकांनी भिंतीवरची दिनदर्शिका दाखवली. प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात नोंद: 'काड्या आणल्या.' 'दोघंही घरट्यावर.' 'साप आणला.' मग एका दिवशी, इतर अक्षरांपेक्षा थोडं मोठं: 'पिल्लू.'

"विहिरीच्या पुढे जायचं नाही," काका म्हणाले. "झाडापासून विहीर साठ पावलं आहे. तिथे खुर्ची ठेवून देतो. तिथून हवे तेवढे फोटो काढा."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी त्या खुर्चीत होते. विहिरीपासून घरटं दिसायचं, पण मध्ये आंब्याचीच एक पालवीची फांदी होती. वारा आला की कॅमेऱ्याचा फोकस घरटं सोडून पानांवर उडी मारायचा. मादी घरट्याच्या काठावर पाठमोरी बसून होती. वर आकाश लख्ख, घरटं सावलीत. फोटोत नुसती काळी आकृती यायची, म्हणून मी मॅन्युअल सोडून दिलं आणि कॅमेऱ्याला सगळंच जास्त उजळ करायला सांगितलं. मग आकाश जळलं. कमी केलं, घरटं बुडालं. शटर, अपर्चर, आयएसओ, तिन्ही चाकं आळीपाळीने. दुपारी काकूंनी घावन आणि नारळाचा रस पानात वाढला, तोही मी एका हाताने खाल्ला, दुसऱ्या हाताने फोटो पुढे सरकवत. संध्याकाळी मोजले तर नऊशे फोटो होते आणि पिल्लाचं डोकं एकातही नीट नव्हतं. काकू म्हणाल्या, "आमचं तर नुसतं बघूनच होतं हो." मला त्यांचा थोडा रागच आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका कामासाठी श्रीवर्धनला गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. साडेदहा वाजले होते. मी खुर्चीत बसून बघत होते की ती फांदी नक्की किती आड येते. दोन पावलं डावीकडे गेलं तर? गेले. अजून आड येत होती. विहिरीला वळसा घालून पोफळींच्या ओळीतून थोडं पुढे? गेले. पक्षी हलला नाही. मग आणखी थोडं. मी पावलं मोजत नव्हते, पण मागे येताना मोजली, ती तीस भरली.

आणि तिथून घरटं उघडं होतं. एकही पान मध्ये नाही. मादी माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिच्या पोटाशी काहीतरी करड्या कापसासारखं हललं. मी बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. शांत वाडीत तो कडकडाट केवढा होता ते मला तेव्हा कळलं नाही.

ती ओरडली. बदकासारखा, पण धातूचा आवाज, भराभर. मान लांब करून तिने सरळ माझ्याकडे पाहिलं आणि पंख उघडून घरट्यावरून उठली. मला मागे फिरायला हवं होतं. मी फिरले नाही, तिच्यामागे लेन्स फिरवली. ती उन्हात आली, मागे माडांची काळी झाडी, आणि कॅमेरा अजून सावलीतल्या घरट्यासाठी लावलेला. स्क्रीनवर पंखांमध्ये पांढरं भोक पडल्यासारखं दिसत होतं. मी चाक फिरवलं, चुकीचं. पुन्हा फिरवलं. वकीलसाहेबांचे आकडे आठवले, दोन हजारांश, आठ, पाचशे. ते लावले. मान वर केली तर ती नव्हती. लांब किनाऱ्याकडच्या एका माडावर जाऊन बसली होती.

कावळ्यांचा आवाज मला तेव्हा ऐकू आला. तो आधीपासून येत असणार.

तीन कावळे आंब्यावर उतरले होते, एक घरट्याच्या काठावर. मी ओरडले, हात हलवले. दोन उडाले. एक खाली वाकला, वर उठला आणि चोचीत काहीतरी घेऊन समुद्राकडे गेला. घरट्यात उरलेला मासा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बाकीचे परत येऊन बसले. आता मी झाडाखाली गेले असते तर कावळे हटले असते, पण मादी आली नसती. मागे गेले असते तर ती कदाचित आली असती, पण तोवर कावळे होतेच. शिवाय सूर्य वर आला होता आणि घरट्यावर थेट ऊन पडलं होतं. लेन्समधून पाहिलं, तर पिल्लू चोच उघडून धापा टाकत होतं. थिएटरात मी अशा वेळी कधी गोठले नाही. इथे मी तीस पावलांवर उभी राहिले आणि काय करायचं ते मला सुचेना.

"सुनंदाताई!"

काकू विहिरीपाशी उभ्या होत्या. ओरडल्या नव्हत्या, पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"आधी मागे या. पळू नका. घरात जा आणि दार लावून घ्या."

"कावळे..."

"कावळ्यांचं मी बघते. ती मला ओळखते. तुम्ही घरात जा, आणि बाहेर बघायलाही येऊ नका."

मी त्यांच्या शेजारून गेले तेव्हा त्यांनी सुपारीची पाटी कमरेला लावली होती. रोज सकाळी जातात तशा त्या पोफळींमधून वाकत वाकत निघाल्या.

मी आतल्या खोलीत जमिनीवर बसले. दार लावलं, खिडकी लावली. बाहेरून मधूनमधून काकूंचं "हाड, हाड" ऐकू यायचं, मग बराच वेळ काहीच नाही, मग पाटीत सुपारी पडल्याचा आवाज. अकरा वीस. अकरा चाळीस. मी उठून दाराशी गेले आणि परत येऊन बसले, असं किती वेळा केलं माहीत नाही. एक सत्तरी ओलांडलेली बाई दुखऱ्या गुडघ्याने भर उन्हात, वेचून झालेल्या जागी पुन्हा पुन्हा सुपारी वेचत होती, कारण मला थांबता आलं नव्हतं. पावणेएक वाजता तो धातूचा आवाज आला, एकदाच, हळू. त्यानंतर दहा मिनिटांनी काकू आत आल्या.

"बसली," म्हणाल्या, आणि ओटीवरच्या बाकावर टेकल्या. गुडघा सुजून वर आला होता. मी पाण्यात फडकं भिजवून गुडघ्यावर ठेवलं, पाय उशीवर घेतला. त्यांनी ते करू दिलं.

"मी यांच्यापासून लपवणार नाही," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या.

"मीच सांगते," मी म्हटलं.

काका चारला आले. मी सांगितलं, सगळं, पावलांसकट. ते चप्पल न काढता तसेच विहिरीपर्यंत गेले, दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं, परत आले आणि दिनदर्शिकेपाशी उभे राहून लिहिलं. ते आत गेल्यावर मी वाचलं: 'अकरा ते पावणेएक घरट्यावर नाही. माणूस.'

त्या संध्याकाळी खोलीत बसून मी फोटो पुसायला घेतले. ठेवण्यासारखं काही नव्हतंच. मादीच्या उड्डाणाचे सगळे जळालेले. त्याआधीचे, ती घरट्यावर बसलेली असतानाचे, त्यातही तिचं पोट जळालेलं. पण कॅमेरा इतका उजळ लावलेला होता की घरट्याची सावलीतली आतली बाजू मात्र स्वच्छ आली होती. मी एक फोटो मोठा केला. पिल्लू दिसत होतं, करडं, चोच अर्धी उघडी. आणि त्याच्या मागे, काटक्यांना चिकटून, दुसरं डोकं. पहिल्याच्या निम्मं. डोळा उघडा होता.

मी पुढचा फोटो पाहिला. दोन. त्याच्या पुढचा. दोन. वेळ दहा बावन्न.

मग मादी उठल्यानंतरचे शोधले. कावळ्यांच्या वेळी मी लेन्समधून पाहिलं होतं तेव्हा एक फोटो काढला गेला होता. बटण सवयीने दाबलं गेलं असावं. घरटं पूर्ण उन्हात, सगळं दिसत होतं. डोकं एक.

घरात कोणालाच माहीत नव्हतं की दोन आहेत. विहिरीपासून तेवढं दिसतच नव्हतं. मी तो फोटो पुसला असता तर जगात कोणाला कळलं नसतं. माझं बोट त्या बटणावर होतं, हे मी लिहून ठेवते.

ऑपरेशन संपताना पोट शिवण्याआधी आम्ही मोजतो. आत गेलेलं कापसाचं प्रत्येक पॅड, प्रत्येक सुई. मोजणी जुळली नाही तर सिस्टर मोठ्याने सांगते, आणि मग सर्जन कितीही मोठा असो, तो थांबतो. तेहतीस वर्षांत मी चार वेळा मोठ्याने सांगितलं होतं. एकदा शिव्याही खाल्ल्या होत्या. ही मोजणी जुळत नव्हती.

मी कॅमेरा घेऊन बाहेर आले. दोघंही जेवायला बसायच्या बेतात होते.

"काका, पिल्लं दोन होती," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही फोटो पाहिले, पुढे-मागे करून, तीनदा. काकूंनी पाहिले नाहीत. त्यांनी ताटावर झाकण ठेवलं.

"धाकटं बऱ्याचदा जगत नाही," काका शेवटी म्हणाले. "मोठं त्याला खाऊ देत नाही. हे आजच झालं नसतं तर पुढच्या आठवड्यात झालं असतं, असंही असेल." त्यांनी कॅमेरा मला परत दिला. "नसेलही. ते आता कळायचं नाही."

"मी सकाळी निघते," मी म्हटलं.

"सकाळी माझ्याबरोबर बघायचं आहे," काका म्हणाले. "कदाचित ते खाली दबून बसलं असेल. कॅमेरा आणू नका."

सकाळी आम्ही दोघं घराच्या पायरीवर बसलो, विहिरीच्याही अलीकडे. हातात एकच दुर्बीण, आळीपाळीने. थंडी होती. समुद्रावरून नर आला, पायात मासा, घरट्यावर उतरला. मादीने मासा फाडला. एक डोकं वर आलं, खाल्लं, पुन्हा वर आलं. आम्ही दुसऱ्याची वाट पाहत राहिलो. ऊन पायरीवर आलं, काकू दोनदा चहा देऊन गेल्या. नरानं दुसरा मासा आणला. वर आलं ते तेच डोकं. मी एवढा वेळ एका जागी कधी बसले नव्हते. मला हलावंसं वाटत नव्हतं असं नाही. फार वाटत होतं.

दहा वाजता काकांनी दुर्बीण खाली घेतली. "एकच," म्हणाले, आणि आत लिहायला गेले.

काकूंनी निघताना नारळाच्या वड्यांचा डबा दिला. नको म्हणायचं धाडस मला झालं नाही. फाटकापर्यंत त्या लंगडत आल्या. "पुढच्या वर्षी या," असं लोक म्हणतात, ते त्या म्हणाल्या नाहीत. "नीट जा," म्हणाल्या.

म्हसळ्यावरून माणगावला आले. बाजाराचा दिवस असावा, स्टँडवर उभं राहायला जागा नव्हती. पुण्याच्या बसमध्ये शेजारी एक कॉलेजात शिकवणाऱ्या बाई होत्या. कॅमेऱ्याची बॅग बघून त्यांनी विचारलं, "मिळाले का चांगले फोटो?"

"एक मिळाला," मी म्हटलं. त्यांनी दाखवा म्हटलं नाही, मला बरं वाटलं. ताम्हिणीचा घाट लागला तसं मी बॅग मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. घरी गेल्यावर त्या दिवसाचे बाकी सगळे फोटो मी पुसले. ते दोन ठेवले, दहा बावन्नचा आणि नंतरचा. कोणाला दाखवायचे म्हणून नाही. चाकं, आकडे, ऊन, सावली हे सगळं मला शिकता येईल, अजून शिकतेच आहे. पण साठ पावलांवरून जे दिसतं तेवढंच आपलं, हे मी शिकण्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली, आणि त्याचा हिशोब मी मनात कितीही फिरवला तरी तो माझ्या बाजूने लागत नाही.

मार्चमध्ये एका सकाळी काकूंचा फोन आला.

"उडालं हो," त्या म्हणाल्या. "आंब्यावरून समोरच्या माडावर. जरा धडपडलं, पण बसलं."

मग मी विचारलं, "काका आहेत का? बोलतील?"

मागे वाडीला पाणी सोडल्याचा आवाज येत होता.

"आत्ता नाही बोलायचे," काकू म्हणाल्या. "पण तुम्हाला फोन कर म्हणून त्यांनीच सांगितलं."